ब्रश पोहोचत नाही तिथली स्वच्छता : दोन दातांमधील फटी आणि त्यांची साधने

म्हैसूर : दिवसातून दोनदा न चुकता दात घासणाऱ्या व्यक्तीच्या तोंडातही एक जागा रोज अस्वच्छ राहते. ती म्हणजे दोन दातांमधील फट. दाढेला पाच पृष्ठभाग असतात. एक गालाकडचा, एक जिभेकडचा, एक चावण्याचा आणि उरलेले दोन शेजारच्या दातांना लागून असलेले. पहिल्या तीन पृष्ठभागांवर ब्रश फिरतो. उरलेल्या दोहोंपर्यंत त्याचे केस पुरेसे पोहोचत नाहीत. हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा याच जागेत सुरू होतो आणि दोन दातांच्या सांध्यात लागणारी कीडही येथेच दडून वाढते.

ही जागा स्वच्छ करण्यासाठी फ्लॉस म्हणजे दातांमधून फिरवायचा धागा, फटीत घालायचा छोटा ब्रश, पाण्याचा झोत सोडणारे यंत्र अशी साधने उपलब्ध आहेत. भारतात त्यांची माहिती मर्यादित आहे आणि प्रत्यक्ष वापर त्याहून कमी. निरनिराळ्या शहरांतील दंत महाविद्यालयांनी केलेल्या पाहण्यांतून हेच चित्र पुढे येत राहिले आहे. साधनाचे नाव ऐकलेले लोक भेटतात; ते रोज वापरणारे थोडेच आढळतात.

म्हैसूरचे चित्र

म्हैसूर हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ मध्ये ७३ शहरांतून म्हैसूरने पहिला क्रमांक मिळवला होता. १९८६ मध्ये स्थापन झालेले जेएसएस दंत महाविद्यालय व रुग्णालय, तसेच फारुकिया दंत महाविद्यालय या शहरात आहेत. दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या आजारांचा आणि सार्वजनिक दंत आरोग्याचा असे दोन स्वतंत्र विभाग असतात. तेथे अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली पदवी व पदव्युत्तर विद्यार्थी रुग्णांवर उपचार करतात आणि खासगी दवाखान्यांच्या तुलनेत खर्च कमी येतो. तज्ज्ञ आणि सोयी यांची येथे वानवा नाही.

दुसरीकडे, म्हैसूरच्या विड्याच्या पानाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि पान-सुपारी हा या भागाच्या आदरातिथ्याचा भाग आहे. सुपारीचे तंतू आणि बारीक तुकडे दातांच्या फटीत अडकतात. ते काढण्यासाठी हात जातो तो देशातील इतर ठिकाणांप्रमाणेच दातकोरण्याकडे, काडेपेटीतील काडीकडे किंवा सेफ्टी पिनेकडे. फटीत काही अडकले की काढायचे, एरवी त्या जागेचा विचार करायचा नाही, ही सवय सर्वत्र सारखी आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. दातांच्या फटी कितीही स्वच्छ ठेवल्या तरी सुपारी किंवा तंबाखूपासून होणारी हानी टळत नाही.

फटीत नेमके काय घडते

दात स्वच्छ केल्यानंतर काही मिनिटांतच त्यांवर लाळेतील घटकांचा पातळ थर बसतो. त्यावर जीवाणू चिकटतात, वाढतात आणि एक चिकट थर तयार करतात. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. तो दाताच्याच रंगाचा असल्याने सहसा दिसत नाही. चूळ भरल्याने तो जात नाही. घासूनच काढावा लागतो. काढला नाही तर लाळेतील क्षारांमुळे तो कडक होतो. यालाच कीटण म्हणतात. कीटण एकदा जमले की ते ब्रशने किंवा धाग्याने निघत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडेच जावे लागते.

प्लाकमुळे हिरडीला सूज येते हे डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगातून १९६५ मध्ये स्पष्ट झाले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात स्वच्छ करणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर हिरड्या पूर्ववत झाल्या. आजाराचे मूळ रोजच्या थरात आहे आणि आरंभीच्या टप्प्यात तो पूर्ण बरा होतो, हे दोन्ही धडे या छोट्या प्रयोगाने दिले.

सूज दीर्घकाळ राहिली तर काही व्यक्तींमध्ये ती खोलवर उतरते. हिरडी दातापासून सुटू लागते आणि दोहोंमध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही खाच साधारण १ ते ३ मिलिमीटर असते; ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खोली हे आजाराचे लक्षण मानले जाते. पुढे दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजते. या अवस्थेला बोलीभाषेत पायरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. उपचारांनी आजार थांबवता येतो, गेलेला आधार मात्र क्वचितच पूर्णपणे परत मिळतो.

या सर्व काळात वेदना बहुधा होत नाहीत. दातदुखीमुळे माणूस दवाखान्यात जातो. हिरडीचा आजार तसा इशारा देत नाही. घासताना येणारे रक्त, तोंडाची दुर्गंधी, दातांमध्ये नव्याने पडलेल्या फटी ही त्याची लक्षणे आहेत. तंबाखूचे सेवन करणाऱ्यांमध्ये रक्तस्रावही कमी दिसतो, त्यामुळे हा इशाराही हुकतो.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. हिरड्यांच्या तीव्र आजाराचे रुग्ण १०० कोटींहून अधिक आहेत.

भारतात भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशव्यापी दंत आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात ३५ ते ४४ वर्षे वयोगटातील ८९.६ टक्के व्यक्तींमध्ये हिरड्यांचा काही ना काही विकार आढळला. १५ वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६७.७ टक्के, तर १२ वर्षे वयाच्या मुलांमध्ये ५७ टक्के होते. या आकड्यांत केवळ रक्त येणे किंवा कीटण असणे अशा सौम्य अवस्थाही मोजल्या आहेत. त्यामुळे दहापैकी नऊ जणांचे दात पडणार असा त्याचा अर्थ नाही. शिवाय हे आकडे दोन दशकांहून जुने आहेत. मात्र सौम्य अवस्थेतच स्वच्छतेने आजार परतवता येतो, म्हणूनच त्या अवस्थेतील मोठी संख्या महत्त्वाची ठरते.

मधुमेहाशी असलेला संबंध हे आणखी एक कारण. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. अनियंत्रित मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांच्या तीव्र आजारामुळे रक्तातील साखर नियंत्रणात ठेवणे कठीण होते, असा हा दुहेरी संबंध आहे.

दातांमधील स्वच्छतेविषयी दंत महाविद्यालयांच्या पाहण्या बहुधा उपचारांसाठी आलेल्या रुग्णांपुरत्या किंवा विद्यार्थ्यांपुरत्या असतात. दंतवैद्याकडे जाणाऱ्यांमध्येच वापर इतका कमी असेल, तर जे कधीच गेले नाहीत त्यांच्यात तो अधिक असण्याचा संभव नाही.

जुनी साधने, नवा उपयोग

दात कोरणे ही नवी गोष्ट नव्हे. महाराष्ट्रातील अनेक घरांत एका कडीत ओवलेले चांदीचे दातकोरणे आणि कानकोरणे असे. कडुनिंब आणि बाभळीच्या काडीने दात घासण्याची परंपरा देशभर आहे. चरकसंहितेत दिवसातून दोनदा दात घासण्याचा आणि धातूच्या पट्टीने जीभ साफ करण्याचा उपदेश आहे. जीभ साफ करण्याची पट्टी आजही भारतीय घरांत सहज दिसते. दोन दातांमधील जागेसाठी मात्र असे रोजचे साधन घरात रुजले नाही. दातकोरणे होते, पण ते अडकलेला घास काढण्यासाठी.

हा फरकच गैरसमजाचे मूळ आहे. फटीत अडकलेले अन्न जाणवते म्हणून ते काढले जाते. आजार मात्र न जाणवणाऱ्या थरामुळे होतो. त्यामुळे ‘माझ्या दातांत काही अडकत नाही, मग धागा कशाला,’ हा प्रश्न तर्कसंगत वाटला तरी चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. पिन, काडी किंवा झाडूची काटकी यांनी हा थर निघत नाहीच. उलट हिरडीला जखम होते आणि वारंवार कोरल्याने दोन दातांमधील हिरडीचे टोक दबून फट वाढते.

पाश्चात्त्य देशांतही ही सवय क्रमाने आली. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथील दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दातांमधून रेशमी धागा फिरवण्याचा सल्ला दिला. १८८२ मध्ये असा धागा तेथे विक्रीस आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली.

कोणते साधन कोणासाठी

*फ्लॉस :* दात एकमेकांना घट्ट लागून आहेत आणि फटी हिरडीने भरलेल्या आहेत, अशा व्यक्तींसाठी हा धागा उपयुक्त आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर धागा घेऊन तो दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा ताणलेला भाग ठेवावा. तो हलक्या हाताने मागेपुढे करत दातांमध्ये उतरवावा. झटका देऊन दाबू नये. आत गेल्यावर धागा एका दाताभोवती कमानीसारखा वळवून हिरडीच्या कडेपासून वर-खाली काही वेळा घासावा. मग त्याच फटीतील शेजारच्या दातासाठी तेच करावे. पुढच्या फटीसाठी धाग्याचा स्वच्छ भाग घ्यावा. नुसता धागा आत घालून बाहेर काढल्याने घास निघतो, थर निघत नाही.

*दातांमधील छोटा ब्रश :* बारीक तारेभोवती केस असलेला हा ब्रश फटीत सरळ घालून मागेपुढे फिरवतात. वय वाढल्याने किंवा आजारामुळे हिरडी मागे सरकली असेल आणि फटी मोकळ्या झाल्या असतील, तर हे साधन अधिक परिणामकारक ठरते. योग्य माप महत्त्वाचे आहे. ब्रश फटीत किंचित घट्ट बसावा, पण जोर लावावा लागू नये आणि तार दातावर घासू नये. एकाच तोंडात दोन किंवा तीन मापांचे ब्रश लागू शकतात. निरनिराळ्या कंपन्यांचे रंगसंकेत वेगवेगळे असल्याने रंगापेक्षा माप लक्षात ठेवणे सोयीचे. वापरानंतर ब्रश धुवून वाळवावा आणि केस झिजल्यावर किंवा तार वाकल्यावर बदलावा.

*पाण्याचा झोत सोडणारे यंत्र :* दातांना तारा लावलेल्या व्यक्ती, कृत्रिम दात रोपण केलेले रुग्ण आणि बोटांची हालचाल मर्यादित झालेले ज्येष्ठ यांना हे सोयीचे पडते. त्याची किंमत बरीच अधिक असते. चिकट थर पूर्णपणे घासून काढण्याच्या बाबतीत ते धागा किंवा ब्रशची जागा सरसकट घेत नाही.

*त्रिकोणी लाकडी काड्या आणि रबरी टोके :* ही साधने नेहमीच्या दातकोरण्यापेक्षा वेगळी असतात. दातांच्या फटीच्या आकाराला जुळतील अशी ती बनवलेली असतात आणि मोकळ्या फटींसाठीच योग्य आहेत.

रोज एकदा, शक्यतो रात्री, ही स्वच्छता करावी असा सर्वसाधारण सल्ला आहे. आधी फट स्वच्छ करून मग ब्रश केल्यास थर अधिक निघतो, असे २०१८ मधील एका छोट्या अभ्यासात दिसले. तथापि क्रमापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा आहे.

सुरुवातीच्या काही दिवसांत रक्त येऊ शकते. धागा लावल्यानेच इजा झाली, असे समजून अनेक जण तो सोडून देतात. प्रत्यक्षात रक्त हे बहुतेक वेळा आधीच असलेल्या सुजेचे लक्षण असते आणि योग्य स्वच्छतेनंतर ते कमी होते. एक-दोन आठवड्यांनंतरही रक्त येत राहिले, हिरडी दुखत असेल किंवा दात हलत असतील, तर दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी सल्ला घेणे योग्य.

पुरावा किती भक्कम

या साधनांच्या उपयुक्ततेवर वाद झालेला आहे. अमेरिकी सरकारच्या २०१५-२०२० या काळासाठीच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून फ्लॉसचा उल्लेख वगळला गेला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१६ मध्ये ही बाब पुढे आणली आणि फ्लॉसच्या बाजूचा पुरावा कमकुवत असल्याचे वृत्त दिले. त्यानंतर ‘फ्लॉस निरुपयोगी’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये ३५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. ब्रशच्या जोडीला फ्लॉस किंवा छोटा ब्रश वापरल्यास हिरड्यांची सूज नुसत्या ब्रशपेक्षा अधिक कमी होऊ शकते आणि छोटा ब्रश फ्लॉसपेक्षा सरस ठरू शकतो, असे त्यात नमूद आहे. मात्र बहुतेक चाचण्या अल्पकाळाच्या होत्या आणि पुराव्याची खात्री कमी ते अतिशय कमी, असेही आढाव्याने स्पष्ट केले. युरोपातील हिरडीरोग तज्ज्ञांच्या २०१५ मधील सहमतीतही मोकळ्या फटींसाठी छोट्या ब्रशला पहिली पसंती देण्यात आली.

यात सर्वांत उद्बोधक ठरतो तो मुलांमधील किडीविषयीचा २००६ मधील एक आढावा. शाळेच्या दिवशी रोज प्रशिक्षित व्यक्तीने मुलांच्या दातांतून धागा फिरवला, तेव्हा सुमारे पावणेदोन वर्षांत किडीचा धोका ४० टक्क्यांनी कमी झाला. धागा तोच, पण मुलांनी तो स्वतः वापरला तेव्हा फरक पडल्याचे दिसले नाही. परिणाम साधनात कमी आणि ते वापरण्याच्या कौशल्यात अधिक आहे, असा याचा अर्थ लावला जातो.

माहिती आणि सवय यांमधील अंतर

भारतातील अडचण येथेच आहे. फ्लॉस वापरा, असे सांगणे एका वाक्याचे काम आहे; तो कसा वापरावा हे आरशासमोर दाखवून, रुग्णाकडून करवून घेण्यास वेळ लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो वेळ सहज मिळत नाही. छोट्या ब्रशचे माप ठरवण्यासाठी तर तपासणी आवश्यकच असते. दुकानातून अंदाजाने आणलेला ब्रश बसला नाही की तो पडून राहतो.

खर्च हा दुसरा अडसर आहे. ही साधने वारंवार विकत घ्यावी लागतात. शहरांत औषधांच्या मोठ्या दुकानांत ती मिळतात. गावांत ती क्वचितच दिसतात. जाहिरातींचा भर टूथपेस्टवर राहिल्याने पेस्ट आणि ब्रश म्हणजेच संपूर्ण स्वच्छता, ही समजूत पक्की झाली आहे. त्यात भाषेचीही अडचण आहे. जिभेच्या पट्टीला घरोघरी शब्द आहे. दातांमधील या साधनांना मराठीत रूढ नाव नाही. ज्याला नाव नाही ते मागायचे कसे, हा प्रश्न साधा दिसला तरी खरा आहे.

केंद्र सरकारने २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम राबवण्यास सुरुवात केली. इंडियन सोसायटी ऑफ पेरिओडॉन्टोलॉजी या हिरडीरोग तज्ज्ञांच्या संघटनेचे संस्थापक डॉ. जी. बी. शंखवाळकर यांच्या जयंतीनिमित्त दरवर्षी १ ऑगस्ट रोजी मौखिक स्वच्छता दिन पाळला जातो. २० मार्च हा जागतिक मौखिक आरोग्य दिन आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या वतीने शाळा व वस्त्यांमध्ये शिबिरे होतात. तेथे मुलांना मोठ्या दंतप्रतिकृतीवर ब्रश फिरवण्याची पद्धत दाखवली जाते. त्याच प्रतिकृतीवर धागा फिरवून दाखवण्यास वेगळा खर्च येत नाही.

कर्नाटक सरकारच्या ‘दंत भाग्य’ योजनेत दारिद्र्यरेषेखालील दात गमावलेल्या ज्येष्ठांना दंत महाविद्यालयांच्या साहाय्याने मोफत कवळी दिली जाते. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. मात्र कवळी हा आजाराचा शेवटचा टप्पा आहे आणि तिच्या चावण्याच्या ताकदीची नैसर्गिक दातांशी तुलना होत नाही. पहिला टप्पा तीस-पस्तीस वर्षे आधी, दोन दाढांमधील न दुखणाऱ्या सुजेचा असतो. त्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीवर दोन प्रश्न विचारून घेता येतात : ‘माझ्या फटींसाठी कोणते साधन आणि कोणते माप योग्य?’ आणि ‘ते कसे वापरायचे, हे एकदा करून दाखवाल का?’ यातील दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.